टिटवीचे रिकामे फेरे

३ जून

छोट्या,

बारावा भाग पोचला. पाकीट इतकं घट्ट चिकटवलं होतंस की आधी कात्री लावली, मग सुरी, शेवटी दातांनी फाडलं. औषधाच्या दुकानात मी दिवसाला पन्नास खोके उघडते, पण तुझ्या पाकिटापुढे हात टेकले.

वाचून झाला, दोनदा. अकरा भाग तुझं ते टिटवी जहाज नुसतं घरापासून लांब लांब जात होतं, ते एकदाचं परत फिरायचं म्हणतंय, हे फार बरं केलंस. कप्तान खिडकीशी उभा राहून ‘आता पुरे’ म्हणतो तिथे मला भरून आलं.

आता तक्रार. तुझं फिरकी इंजिन. स्क्रू जसा नटातून आट्या-आट्याने पुढे सरकतो तशी टिटवी आकाशातून सरकते, आणि एका फेऱ्यात एवढं अंतर तोडते की प्रकाशाला तिथे जायला चार वर्षं लागावीत. हे मी मान्य केलं, तू म्हणतोस म्हणजे असेल. पण शेवटच्या पानावर कप्तान हिशेब करतो की अकरा फेरे सुलटे आलो, आता अकरा फेरे उलटे घेतले की दार उघडायचं आणि समोर घर. असं होत नसतं. तो दार उघडेल तेव्हा समोर घर नसेल.

पुढचा भाग शेवटचा आहे असं मागच्या पानावर छापलंय. तो लवकर काढ, नेहमीसारखं वर्ष लावू नकोस. आणि छापणाऱ्याला टाइप मोठा घ्यायला सांग. मुंगीच्या पायासारखी अक्षरं घालतात मेले.

घरी आम्ही बाप-लेक ठीक. अण्णा पायऱ्यांवर थोडे अडखळले होते, पण लागलं नाही काही.

ताई

११ जून

ताई,

बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईने मला प्रकाशापेक्षा जोरात कसं जायचं ते शिकवावं, हे दिवस आले. तुझं पत्र मी खालच्या लाँड्रीवाल्याला वाचून दाखवलं. माझी खोली त्याच्या इस्त्रीच्या टेबलाच्या बरोबर वर आहे, त्यामुळे त्याची वाफ मला आणि माझी कटकट त्याला, असं आमचं चालतं. तो म्हणाला, तुमच्या बहिणीचं बरोबर असेल. का, ते त्याला माहीत नाही.

अगं, हे सगळं खोटंच असतं. प्रकाशाच्या पुढे कुणालाच जाता येत नाही, म्हणून तर आमच्यासारख्यांची चूल पेटते. जो तो आपापली युक्ती काढतो. कोणी आकाशात बोगदा काढून पलीकडे निघतो. कोणी आकाशाची कागदासारखी घडी घालतो आणि या टोकावरून त्या टोकावर टुणकन उडी मारतो. कोणी जहाजाभोवती बुडबुडा करतो. जहाज आत स्वस्थ बसलेलं आणि भोवतालचं आकाशच पळतंय. मी स्क्रू घेतला. नियम माझा, जहाज माझं. उलटं फिरवलं की उलटं जातं, यात न कळण्यासारखं काय आहे? आणि नुसतं ‘असं होत नसतं’ म्हणून सोडून दिलंस. का होत नसतं, ते तर लिही.

टाइपचं सांगितलं आहे. तुझा चष्म्याचा नंबर वाढला, हे मात्र कबूल कर. पन्नाशी आली, लाजतेस काय.

शेवटच्या भागाचं हस्तलिखित ऑगस्टच्या अखेरीला द्यायचंय. तीन प्रकरणं झालीत. कप्तान घरी पोचल्यावर काय बोलतो, तिथे गाडी अडलीय. दार उघडतो आणि उभाच राहतो बापडा.

अण्णांना नमस्कार सांग. नको, राहू दे. ‘कोणाचा?’ म्हणून विचारतील.

छोट्या

२० जून

छोट्या,

नाकाला मिरच्या झोंबल्या वाटतं. ‘का’ विचारलंस ना, मग ऐक.

बोगदा घेतला नाहीस ते शहाणपणाचं केलंस. भोक पाडलं की चुरा निघतोच, मग आकाशाला भोक पाडून निघालेला चुरा या लोकांनी टाकला कुठे? घडीचंही तेच. पत्रा एकदा दुमडून सरळ करून बघ. रेघ राहते, आणि चार-पाच वेळा केलं की तिथूनच तुटतो. आकाशाचं तसं झालं तर जबाबदार कोण? बुडबुडा ऐकायला छान आहे. पण ब्रेक कुठे बसवलाय, आत की बाहेर? आत असेल तर जहाज आधीच उभं आहे, त्याला ब्रेक काय करायचा? बाहेर असेल तर तो दाबायला हात कुणाचा पोचणार?

म्हणजे स्क्रूच बरा. पण मग स्क्रूसारखा वाग. स्क्रू आणि नट कधी अगदी घट्ट नसतात, नाहीतर फिरणारच नाहीत. मध्ये थोडी सैल जागा असते, प्ले. एका बाजूला फिरवत राहिलास तर ती जाणवत नाही. दिशा बदललीस की पहिले काही फेरे रिकामे जातात. हँडल फिरतं, आकडे पुढे सरकतात, आणि कापायचं टूल जागचं हलत नाही. दोन थाऊ का होईना, चुकतंच. तुझ्या टिटवीचंही तेच होणार. कप्तानाच्या घड्याळात अकरा फेरे पुरे होतील आणि जहाज घराच्या अलीकडेच राहील.

यावर उपाय आहे. परत येताना थेट खुणेवर थांबायचं नाही. खुणेच्या मागे जायचं, चांगलं मागे, आणि मग नेहमीच्या बाजूने पुढे येऊन खुणेवर थांबायचं. कप्तानाला घरी जायचं असेल तर त्याने आधी घर ओलांडायला हवं.

एवढं करशील तर पुस्तक उभं राहील. नाहीतर वाचणारे हसतील.

ताई

२९ जून

ताई,

ताकाला जाऊन भांडं लपवतेस होय?

थाऊ. इंचाचा हजारावा भाग. औषधाच्या दुकानात मिलिग्रॅम चालतात, थाऊ नाही चालत. आणि ‘खुणेच्या मागे जायचं’ हे ज्या माणसाने तुला सांगितलं, त्याच्या लेथच्या शेजारच्या लेथवर मी सात महिने उभा होतो. पत्र तुझ्या अक्षरात आहे, पण बोलतायत अण्णा.

कधीपासून चाललंय हे? माझं पुस्तक घरात येतं, ते कोण वाचतं? मला वाटायचं की तू माझ्यासाठी वाचतेस, आणि मला त्याचा आधार होता. आता कळेना की बारा भाग मी कुणासाठी लिहिले.

तुला त्या दिवसाचं अर्धंच माहीत असणार, म्हणून सांगतो. मी एकोणीस वर्षांचा होतो. लांबलचक स्क्रू होता, कुठल्यातरी प्रेसमशिनचा, अण्णांनी तीन दिवस खपून केलेला. शेवटचा हात त्यांनी मला मारायला दिला. मी तो बाद केला. मापाला कमी भरला. हत्यारांच्या पेटीमागे माझी वही उघडी होती, त्यात टिटवीचं पहिलं प्रकरण होतं. अण्णांनी कारखान्यातल्या सगळ्या शॉपसमोर ती उचलली आणि लेथखालच्या तेलाच्या ट्रेमध्ये टाकली. म्हणाले, “एक काहीतरी कर.” मी एक काहीतरी केलं. दुसऱ्या दिवशी घर सोडलं.

त्याला अठरा वर्षं झाली. मी आलो नाही असं नाही. आई गेली तेव्हा आलो, आणि पाच वर्षांपूर्वी आलो. दोन्ही वेळा ते माझ्याशी चार शब्द बोलले नाहीत, तुझ्या देखत.

त्यांना माझी चूक दाखवायचीच असेल तर स्वतःच्या हाताने लिहायला सांग. चुका दाखवण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण मी बहिणीला पत्र लिहिलं होतं.

छोट्या

२ ऑगस्ट

छोट्या,

महिनाभर तुला लिहिलं नाही. कारण खरं लिहायचं तर मला शपथ मोडायला हवी होती. अण्णांनी बजावलं होतं, माझं नाव काढलंस तर पुस्तक मिटून ठेवीन. काल मी ठरवलं की मोडायची. त्यांना सांगितलं नाहीये.

ते स्वतःच्या हाताने लिहू शकत नाहीत. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. मी समोर उभी राहिले तर माझा चेहरा त्यांना दिसत नाही, खांदे दिसतात. पायऱ्यांवर अडखळले ते त्यानेच. बारावा भाग त्यांनी भिंग लावून, मान वाकडी करून, कडेच्या नजरेने वाचला; एका पानाला अर्धा तास. डॉक्टर म्हणतात की हिवाळ्यापर्यंत वाचणं संपेल. मोठा टाइप माझ्यासाठी नव्हता, लवकर काढ हेही माझ्यासाठी नव्हतं. माझा नंबर आहे तेवढाच आहे, म्हातारी म्हणालास ते लक्षात ठेवीन.

ते पहिल्या भागापासून वाचतायत. पहिल्या भागात फिरकी इंजिन आलं तेव्हा म्हणाले होते, “हा माझाच स्क्रू आहे. आणि प्ले विसरलाय.” तेव्हापासून अकरा भाग ते वाट बघत होते, तू टिटवी उलटी फिरवशील तेव्हा काय करतोस त्याची. सरळ जात होती तोवर चूक दिसत नव्हती ना. बाराव्यात तू फिरवलीस आणि त्यांना राहवेना. मला बसवलं आणि सांगायला लागले. बुडबुड्याच्या ब्रेकवर स्वतःच हसले. किती दिवसांनी हसले म्हणून सांगू.

आता त्या दिवसाचं. अर्धं मला माहीत नव्हतं म्हणतोस, तर अर्धं तुलाही माहीत नाही. हातातला जॉब, तो स्क्रू, वहीमुळे बाद झाला असं तुला वाटतं. अण्णा सांगतात ते वेगळंच आहे. तुझ्या हातून हँडल जरा जास्त फिरलं, तुझ्या लक्षात आलं, आणि तू ते प्रामाणिकपणे मागे घेऊन बरोबर खुणेवर आणलंस. आकडा बरोबर होता. टूल मात्र मागे आलंच नव्हतं, जास्तीच्या खोलीवरच बसलेलं होतं. प्ले. हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम त्यांचं होतं. सात महिन्यांत ते राहून गेलं. समोर बाद झालेला जॉब, शॉप बघतंय, चूक स्वतःची. वही दिसली आणि राग तिच्यावर काढला. म्हणाले, “दुसऱ्या दिवशी शिकवणार होतो. दुसऱ्या दिवशी तो नव्हता.”

अठरा वर्षं हा माणूस मूग गिळून बसलाय, आणि तू तिकडे तीच चूक घेऊन पूर्ण आकाश फिरलास. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटतं मला.

तो स्क्रू घरीच आहे. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

पत्र वाचून खाली गेलो आणि लाँड्रीवाल्याच्या बाकावर बसलो. त्याने समोर चहा ठेवला.

मला राग येईल असं वाटत होतं. आला नाही. आपण अठरा वर्षं ज्या गोष्टीवर रागावलो ती घडलीच नव्हती असं कळल्यावर माणूस हातात काय धरून उभा राहतो? माझं लिहिणं त्यांना नको होतं, या एका गोष्टीच्या जोरावर मी लिहीत आलो. दाखवून देईन म्हणून लिहीत आलो. आणि ते तिकडे भिंग लावून वाचतायत.

प्रकरणं मी फाडली. टिटवी आता त्यांनी सांगितलं तशी जाईल. परत फिरल्यावर तीन फेरे रिकामे जातात. घड्याळ पुढे सरकतं, तारे जागचे हलत नाहीत, माणसं घाबरतात, कप्तानाला म्हणतात की इंजिन मेलं, पुन्हा सुलटं फिरव. हा भाग लिहिताना मला पहिल्यांदाच वाटलं की हे खरं आहे.

हस्तलिखित महिनाअखेरीला होईल. छापून यायला दोन महिने लागतील, त्याआधीच मी मोठ्या अक्षरात टाइप करून तुझ्याकडे पाठवतो. तू त्यांना वाचून दाखव. तुझा आवाज त्यांच्या सवयीचा आहे.

मी यावं असं तू लिहिलेलं नाहीस, आणि मीही ते काढत नाही. खरं सांगतो, भीती वाटते. दोनदा येऊन बघितलंय. ते एका खुर्चीत, मी एका खुर्चीत, आणि मध्ये पंखा फिरतोय.

छोट्या

१६ ऑगस्ट

छोट्या,

मी वाचून दाखवणार नाही. प्रकाशाच्या पलीकडे जहाजं पाठवतोस आणि बापाच्या खोलीत पाऊल टाकायला मला पुढे करतोस. उंटावरून शेळ्या हाकणं हेच.

आता सांगते ते नीट वाच. तेवीस तारखेला सकाळी मी लेकीकडे जातेय. तिने नवीन घर घेतलंय, कपाटं लावून द्यायला आई हवी आहे. पहिली तारीख उजाडेपर्यंत परत येणार नाही. अण्णांना गॅस पेटवताना ज्योत दिसत नाही, गोळ्यांचे रंग ओळखता येत नाहीत. सकाळी पांढरी आणि अर्धी गुलाबी, रात्री नुसती पांढरी. एक तर ते नऊ दिवस एकटे राहतील, नाहीतर तू येशील. मी शेजारच्या बाईंना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. किल्ली मीटरच्या पेटीत.

दोनदा आलास म्हणतोस. दोन्ही वेळा किती राहिलास? दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या गाडीने गेलास. मी तेव्हा अण्णांना दोष दिला. आता प्लेचं एवढं लिहून घेतल्यावर मलाही थोडं कळायला लागलंय. पहिले दिवस रिकामेच जाणार आहेत. तुझ्या कप्तानाला तू समजावतोस ना की पुन्हा सुलटं फिरवू नकोस? मग.

ताई

२७ ऑगस्ट

ताई,

हे तुझ्या लेकीच्या पत्त्यावर पाठवतोय. घरातूनच लिहितोय, खिडकीजवळच्या टेबलावरून. गोळ्या वेळेवर चालू आहेत, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तेवीसला बसमध्ये आपला थांबा आला आणि मी उतरलो नाही. पळून चाललो होतो असं नाही. पुढच्या थांब्यावर, जुन्या शॉपच्या फाटकाशी उतरलो, आणि तिथून मागे चालत आलो, जसा रोज अण्णांबरोबर डबा हातात घेऊन यायचो त्या बाजूने. अण्णा बाल्कनीत होते. समोरून आलो असतो तर दिसलो नसतो. या बाजूने त्यांच्या कडेच्या नजरेत आलो. मी जिना चढून वर गेलो तेव्हा दार उघडं होतं आणि त्याला तो स्क्रू लावलेला होता.

पहिला दिवस तू जाणतेसच. पंखा. दुसऱ्या दिवशी मी भाजी करपवली, त्यांनी ती खाल्ली. मी हस्तलिखित टेबलावर ठेवलं, त्यांनी त्यावर हात फिरवला, किती जाड आहे ते बघितलं, आणि हात काढून घेतला. मी वाचू का म्हणून विचारायला तोंड उघडलं, आणि पाणी हवंय का असं विचारलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला ‘पावणे’ म्हटलं. पावण्यांना चादर दे, असं, म्हणजे मलाच. ते मला फार लागलं, ताई. मी आत जाऊन बॅग भरली. सगळी भरली, चपला वर काढून ठेवल्या. मग बसलो. तारे हलत नाहीयेत, घड्याळ पुढे चाललंय, हे मीच लिहिलं होतं. आणि माझ्या कप्तानाला जे जमलं ते मला जमू नये याची लाज वाटली. बॅग तशीच ठेवून झोपलो.

काल, चौथ्या दिवशी, सकाळी गोळ्या दिल्या आणि न विचारता खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला ओढून वाचायला लागलो. थांबलोच नाही. भीती वाटत होती की थांबलो तर ते ‘बरं’ म्हणून उठतील. टिटवी उलटी फिरते, माणसं ओरडायला लागतात, कप्तान हँडल धरून उभा, तिथवर आलो. वाचलं, ‘पहिले तीन फेरे रिकामे गेले.’ अण्णांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. चुकीच्या ओळीवर पडलं, पण ठेवलं.

“किती म्हणालास?”

“तीन.”

त्यांनी बाल्कनीच्या दाराकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “अठरा वर्षांचा नट आहे तो. झिजलेला असणार. तीनात नाही धरायचा. चार लिही.”

मला पुढचं वाचता येईना. अण्णा म्हणाले, “चष्मा पूस आणि वाच. माझ्यासारखं उद्यावर टाकू नकोस.” संध्याकाळपर्यंत वाचत होतो. मध्ये सात चुका काढल्या, त्यातल्या पाच बरोबर आहेत. दोनवर आमचं भांडण चालू आहे, आणि आवाज बाहेरपर्यंत गेला असणार, कारण शेजारच्या बाई बघून गेल्या.

कप्तान दार उघडतो आणि पुढे काय बोलतो, तेवढं अजून लिहिलेलं नाही. अण्णा म्हणतात, काही बोलायला हवंच असं नाही, आधी आत तर येऊ दे. प्रकाशकाला कळवलंय की पुस्तक उशिरा मिळेल, पण शेवटचं प्रकरण इथेच लिहून होईल. तू पहिल्या तारखेला ये, नाहीतर कपाटं सगळी लावून सावकाश ये. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली आहे.

तीनाचं चार केलं आहे.

छोट्या